चिंचेखालचा भुईचाफा

१२ जून २०११, रविवार

सुमन आज रडली. खराट्यावरून!

सकाळी चहाची वाट पाहून बाहेर आलो तर ही चिंचेखाली बसलेली. बसलेली कसली – पडलेली. खराटा हातातच. गुडघा मुडपला तो सरळच होईना. धरायला गेलो तर हात झटकला. "मले नोका उचलू. आधी तेवढा पाला लोटून टाका. लोकं उठतीन आता."

आधी पाला, मग बायको! लोटला पाला. मग उचललं तिला.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून हे आंगण ती झाडते आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्या मायनं पहिल्याच सकाळी तिला सांगितलं होतं – आपल्या वस्तीत कोणी पाय टाकला का आधी आंगण पाहते, बोट दाखवाले जागा ठेवजो नोको. सुमननं ठेवली नाही. आणि चिंच म्हणजे तिची सवतच! कणीहून बारीक पाला. पुढून लोटावा तर मागं पुन्हा पडलेला. तरी ऊन अंगणात उतरायच्या आत पालाच काय, कोंबडीचं पीस दिसायचं नाही.

डॉक्टर परवाच म्हणाले – खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. हिनं मान डोलावली होती. मलाही फसवलं, डॉक्टरलाही.

१३ जून

आज मी झाडलं. ती दारात स्टुलावर बसून पाहत होती.

"झाडून राहिले का पाटीवर गिरवून राहिले?"

१५ जून

स्टूल माझं आहे. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाल-नारळ मिळाला, आणि हे मी मागून घेतलं. एकतीस वर्षं ह्याच्यावर बसून घंटा दिली. एक पाय आखूड, म्हणून डुगडुगतं. शिपायाचं स्टूल असंच असायचं. आता सुमन त्याच्यावर बसते आणि माझं झाडणं तपासते. हेडमास्तर बरे होते!

१९ जून, रविवार

आमचा अतुल आला होता गोंदियाजवळच्या कुडव्याहून. मोटरसायकल लावली, पाणी प्यायला, आणि सरळ आंगण पावलांनी मोजायला लागला.

"बाबा, सिमेंटचे गट्टू टाकून देऊ. पुरं आंगण. आमच्या गल्लीत सगळ्यायनं टाकले. पाणी मारलं का साफ. मायले झाडायचं कामच नाही."

चांगलं पोरगं आहे. आईचे गुडघे त्याला दिसतात. मी खूश झालो. मग तो वर पाहून म्हणाला, "पण चिंच काढा लागन. तिच्या मुळ्या गट्टू उचलतात. आन् गट्टूवर पाला पडलाच तं मंग फायदा काय?"

चिंच माझ्या बापानं लावलेली. पहिली कविता पाठ केली ती हिच्याखालीच.  सुमनकडे पाहिलं.

ती म्हणाली, "टाक."

एवढंच. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. सवतीचा काटा निघतो आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल!

२४ जून

आजचा दिवस जपून ठेवावा असा. सगळं लिहितो.

नवेगाव बांध या गावी शामकलाबाईंकडे गेलो होतो. आमच्या शाळेत सातवीला मराठी शिकवायच्या. आता एकट्याच असतात, वय ऐंशीच्या आसपास, पण पाठीला बाक नाही. मला पाहून म्हणाल्या, "या हिरालाल! आज घंटा वेळेवर दिली की नाही?"

मी लाजलो. कारण आहे. तिसरा तास त्यांच्या कवितेचा असायचा. माझं स्टूल बरोबर सातवीच्या खिडकीखाली. मी स्वतः चौथीनंतर शाळा पाहिली नाही; पण त्या खिडकीखाली एकतीस वेळा सातवी केली! बाई वाचायला लागल्या की आवाज कौलापर्यंत जाऊन खाली यायचा. कविता अर्धी राहिली असली तर मी घंटेला हातच लावायचो नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं, एकदा तर सहा. मला वाटायचं, हे गुपित माझं एकट्याचं.

बाई आज म्हणाल्या, "हेडमास्तर मला विचारायचे, घड्याळ बदलून घ्यावं का? मी म्हणायची, घड्याळ बरोबर आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं! किती देणं लागतो मी ह्या बाईंचं.

तर मुख्य गोष्ट. त्यांच्या घरामागं आंबा आणि फणस. गच्च सावली, ऊन खाली उतरतच नाही. आणि त्या सावलीत जमीन दिसेना – सगळी हिरवी पानं, वीत-दीड वीत उंच, हळदीसारखी पण वर फिकट चांदी सांडलेली आणि मागून जांभळी. म्हटलं, बाई, हे काय? म्हणाल्या, भुईचाफा. उन्हाळ्यात एकही पान नसतं तेव्हा जमिनीतून थेट फूल येतं. पांढरं, मधे जांभळं. देठही दिसत नाही. वास असा की माणूस वर झाडाकडे पाहतो, आणि फूल असतं पायाशी.

"आणि झाडता कधी?" मी विचारलं. माझ्या डोक्यात दुसरं काय असणार!

"झाडायचं कशाला? आंब्याचा पाला पडतो, तो ह्याच्या पानांखाली जातो. तेच ह्याचं अंथरूण, तेच जेवण. मी सहा वर्षांत खराटा घेतला नाही इथं."

मी तिथंच उभा राहिलो. चिंच तोडायची गरज नाही. सुमनला वाकायची गरज नाही.

बाईंनी पिशवीभर गड्डे दिले, पानांसकट. मुळांना खाली मण्यांसारख्या गाठी लोंबत होत्या. कसं लावायचं ते त्या सांगत होत्या – सावली, भुसभुशीत माती, थंडीत पाण्याचं असं असं – आणि मी त्यांचा आवाज ऐकत होतो. तोच आवाज! कौलापर्यंत जाणारा. मध्येच मला वाटलं, आता घंटा द्यायची वेळ झाली.

२७ जून

लावले. जिथं मऊ जागा सापडली तिथं एक एक. इथं दोन, तिकडं पाच, बुंध्याशी मुळ्यांच्या खोबणीत तीन. जंगलात थोडीच कोणी रांग लावतं! एकूण चाळीस.

सुमन स्टुलावरून: "हे काय गुरानं चरल्यासारखं लावलं जी?"

म्हटलं, निसर्ग असाच असतो.

म्हणाली, "निसर्गाले गुडघे नाही ना."

शेजारची ओमेश्वरी कुंपणावरून हसत होती. पवारांची सून, हिचा आणि सुमनचा रोज सकाळी कुंपणावर दरबार भरतो. म्हणाली, "काकाजी, चिंचेखाली भूत राहते म्हनतात, फूल कोन लावते!" मी म्हटलं, भुताला पण वास आवडत असेल.

संध्याकाळी अतुलला फोन केला. म्हटलं, मला वैशाखापर्यंत वेळ दे. फूल आलं आणि जमीन झाकली गेली तर चिंच राहील. नाही आलं तर तू गट्टू आण, मी स्वतः चिंचेला दोर बांधायला येईन.

"बाबा, तुम्ही पन ना!" म्हणाला. पण हो म्हणाला. गुणी आहे.

९ जुलै

जिवंत! सगळे जिवंत. नवं पान गुंडाळी करून येतं, चिठ्ठीसारखं. उलगडायला दोन दिवस घेतं.

मीही दोन ओळी केल्या –

सावलीला पान फुटले, पानाला मग सावली
चिंच वरूनी पाहत बसली, जणू माहेरची माउली

सुमनला वाचून दाखवल्या. "चिंचेले माउली म्हनून राहिले! एक दिवस झाडून पाहा माउलीले."

२१ जुलै

धानाचा रोवणा – लावणी – सुरू झाला. सकाळी बायका पदर खोचून आमच्या दारावरून धानाच्या बांधीकडं जातात. सुमन दारातून पाहत राहते. तीन वर्षं झाली ती जात नाही, गुडघे तिथंच गेले – कमरेइतकं वाकून, पाण्यात, उलटं उलटं चालत, दिवसभर.

ओमेश्वरी आज म्हणाली, "काकूजी नाही तं ओळ वाकडीच जाते जी. आमचे सासरे सांगत, सुमनबाई बांधीत उतरली का दोरी गुंडाळून ठेवा. तिच्या बोटातच दोरी हाय."

सुमन ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेली. पण चहात साखर जास्त पडली आज.

१४ ऑगस्ट, रविवार

जमीन झाकली गेली! पूर्ण नाही, पण बरीच. चिंचेचा पाला पडतो आणि पानांच्या मधून खाली जाऊन नाहीसा होतो. मी आज दहा मिनिटं उभा राहून पाहिलं. एक पान पडलं – गेलं. दुसरं – गेलं. खराट्यानं चव्वेचाळीस वर्षांत जे जमलं नाही ते!

सुमनला हाक मारून दाखवलं. बराच वेळ पाहिलं तिनं. मग म्हणाली, "कचरा लपवला म्हंजे झाडला असं नाही होत."

खरंय तेही.

६ ऑक्टोबर, दसरा

धम्मचक्र दिन. सकाळी विहारात वंदना झाली. पांढरी साडी नेसून सुमन काठी टेकत आली, पण आली. परतताना चार-पाच घरची मंडळी आमच्याकडं चहाला. एक पाहुणी बाई अंगणात थांबून म्हणाली, "सुमनबाई, आंगणात हळद लावली का? का झाडणं होत नाही आता?"

बोट दाखवलं. मायच्या भाषेत – जागा मिळाली.

सुमन हसून "हो जी" म्हणाली. नंतर दिवसभर अंगणाकडं पाठ करून बसली. मी बोलायला हवं होतं. मी काय करत होतो? त्या बाईला पानाची मागची जांभळी बाजू दाखवत होतो!

२ नोव्हेंबर

पानं पिवळी पडून आडवी झाली. बाई म्हणाल्या होत्या तसंच – थंडीत झोपतं. पण दिसतं वाईट. पावसात भिजलेल्या पोत्यासारखं.

१० नोव्हेंबर



तांदूळ आणायला गेलो होतो, तासाभरात परत आलो. सुमन उभी, हातात लांब दांड्याची कुदळ. अर्धं आंगण उखडलेलं. बुंध्यापासून विहारबाजूपर्यंतचा पूर्ण पट्टा. गड्डे नाहीत, पानं नाहीत, उघडी काळी माती. वर तिनं सडाही टाकला होता.

मी ओरडलो. आयुष्यात तीन-चार वेळाच ओरडलो असेन. म्हटलं, काय केलं हे?

"सडून राहिलं होतं, काढलं."

"कुठंय?"

"फेकलं."

"काऊन?"

"मी मेली का अजून? मी हाय तोवर हे आंगण असं पडून राहन? लोकं हळद म्हनतात, उद्या उकिरडा म्हनतीन."

मी उकिरड्यावर जाऊन शोधलं. पानांचा ढीग सापडला. गड्डा एकही नाही. गुरांनी खाल्ले असतील, नाहीतर डुकरांनी.

१३ नोव्हेंबर

तीन दिवस बोलणं नाही. आज तिनंच ताट वाढून समोर ठेवलं, पोपटीच्या शेंगांची भाजी – मला आवडते ती. मी जेवलो. म्हटलं, मीठ बरोबर आहे. संपलं भांडण.

अर्धे तरी आहेत. बुंध्यापासून कुंपणाकडचा पट्टा. एकवीस. त्यांना आता जपेन. एकवीसही पुष्कळ आहेत.

४ डिसेंबर

रोज सकाळी तांदळाचं धुवण घालतो. ताकदीचं असतं. थंडीत तर जास्तच हवं, एवढी कोरडी हवा. मुलं झोपेत असली तरी माय उशाशी पाणी ठेवतेच की.

सुमन पाहते आणि जिभेवर आलेलं गिळते. परवा एवढंच म्हणाली, "रोज घालता?"

म्हटलं, रोज. एक दिवस चुकवत नाही.

"हं," म्हणाली. चुलीपुढची राख भरून मडक्यात घालत होती. राख कशाला साठवते कोण जाणे, भांडी तर आता पावडरीनं घासतो आम्ही.

१ जानेवारी २०१२

नवं वर्ष. जुन्या वर्षाचे आभार. डोळ्यांपुढं जरा धुकं असतं हल्ली, पण म्हटलं वयाचं असेल. ओळीवर ओळ लिहिली जाते कधी कधी. पान समजून घेईल.

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वाटलं, एक उकरून पाहावं. झोपेत कसा दिसतो ते.

बोट लावलं तर बोट आत गेलं. साबणासारखा मऊ. वास आला – फुलाचा नव्हे.

दुसरा उकरला. तसाच. तिसरा. चौथा. एकवीसच्या एकवीस.

कोणाला सांगितलं नाही. माती परत ढकलून वर पाला पसरला. सुमन ओसरीत तांदूळ निवडत होती, "काय शोधून राहिले?" म्हणाली. म्हटलं, चिंचोके.

१४ फेब्रुवारी

शामकलाबाईंना फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, थंडीत कुजतो का हो भुईचाफा?

"पाणी दिलं तर कुजतो. पानं वाळली की पाणी पूर्ण तोडायचं हिरालाल. सांगितलं होतं ना तुम्हाला."

सांगितलं होतं. मी त्यांचा आवाज ऐकत होतो.

रोज पाणी घालून मारले मी. एक दिवस न चुकता. सुमनची कुदळ बरी – अर्धेच काढले. उरलेले माझ्या मायेनं.

तरी बाईंवर राग नाही, फुलावर नाही. चार महिने ती हिरवी पानं पाहायला मिळाली. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली, तेवढी कविता झाली. आता संपली.

१ मार्च

डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. अतुल म्हणाला, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गोंदियाला करून घेऊ, आठ-दहा दिवस कुडव्याला राहा. सुमनला म्हटलं, चल तूही.

"माझे गुडघे मोटरसायकलवर बसत नाहीत. जा तुमी. मी हाय ना घर पाहाले."

१७ मार्च

कुडव्यात. ऑपरेशन झालं. रंजितानं – अतुलच्या बायकोनं – लेकीसारखं केलं. वेळेवर डोळ्यांत थेंब, वेळेवर जेवण. ओळी मोठ्या अक्षरात लिहितो आहे. इथं सगळीकडं गट्टू. साफ आहे खरं. झाड मात्र एकही नाही, म्हणून साफ.

२१ मार्च

घरी आलो. काळा चष्मा. महिना-दीड महिना वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.

म्हणजे आता वाकायला मनाई असलेले आम्ही दोघं!

एक गोष्ट मनाला लागली. आंगण सगळं झाडलेलं, पण चिंचेखाली पाला तसाच. जाड थर. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. विचारलं तर सुमन म्हणाली, "होत नाही आता तेवढं." सरळ सांगितलं. सुमननं! स्टूल अंगणात पडलेलं, पायांना चिखल. म्हटलं, हे बाहेर कसं? "कोंबड्या हाकलाले नेलं होतं." ओमेश्वरी कुंपणावर उभी होती, ती उगीच खोकली आणि घरात गेली.

मी आत येऊन बसलो. तिनं हार मानलेली मला पाहवत नाही.

२५ मार्च, रविवार

ठरवलं. अतुलला फोन केला. म्हटलं, आण गट्टू. चिंच काढू. माझं फूल काही येत नाही. कारण सांगितलं नाही.

त्यानंही विचारलं नाही. "बरं बाबा," म्हणाला. आवाज मऊ होता.

सुमनला सांगितलं. तिच्यासाठीच करतो आहे असंही सांगितलं. ती विळीवर कांदा चिरत होती. थांबली.

"वैशाख म्हटलं होतं ना तुमी?"

"म्हटलं होतं. आता काय उरलंय वैशाखात?"

"म्हटलं होतं तं होऊ द्या वैशाख. पुनवेच्या आधी आंगण खोदू नोका, पाहुणे येतात."

तेही बरोबर. पौर्णिमेचा दुसरा दिवस ठरला. सात मे.

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, गाणी, पोरांची मिरवणूक. चष्म्यातून सगळं काळंनिळं दिसलं, तरी डोळे भरले. आमच्या बापाला शाळेच्या दारात उभं करत नव्हते. मी त्याच दारात बसून घंटा दिली, आणि पोरगं इंजिन दुरुस्तीचं शिकून नोकरीला. किती जणांचे आभार मानायचे!

संध्याकाळी चिंचेखाली जायला निघालो तर सुमन ओरडली, "तिकडे नोका जाऊ. धूळ हाय. डोळा सांभाळा." डोळ्याची एवढी काळजी! बसून राहिलो.

२९ एप्रिल

वळीव पडला काल. अर्धा तासच. चिंचेला पुन्हा पालवी आहे, लालसर, पोपटी. उजव्या डोळ्यानं आता एकेक पान वेगळं दिसतं. आधी चिंच नुसती हिरवी होती. आठ दिवसांनी काढायची तिला, आणि आत्ता दिसायला लागली.

तिचे आभार मानून ठेवले. तोंडानं, मोठ्यानं. ओमेश्वरीनं ऐकलं असेल.

५ मे, शनिवार

उद्या पौर्णिमा. परवा गट्टू. अतुलनं ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे. सुमन दोनदा उठून अंगणाकडं पाहून आली.

६ मे २०१२, बुद्धपौर्णिमा

वासानं जाग आली. बाहेर येऊन वर पाहिलं – चिंचेकडं. मग बाईंचं बोलणं आठवलं आणि खाली पाहिलं.

फुलं. पांढरी, आत जांभळी, पाल्यातून थेट वर आलेली. एक पान नाही. मोजली, सतरा. जो पट्टा तिनं कुदळीनं उखडला होता, त्याच पट्ट्यात. आणि सरळ ओळीत. वीतभर अंतर, मग पुढची ओळ, मग पुढची. रोवण्याची ओळ.

पाला जरा सारला. खाली वाळलेल्या चिखलात स्टुलाच्या पायांचे ठसे, ओळीओळीनं सरकत गेलेले. तीन खोल, एक उथळ.

सुमन दारात काठी टेकून उभी. "पाहून घ्या नीट. चार महिने गड्डे राखेत ठेवले मडक्यात, अद्रकीसारखे. माझ्या मायचं अद्रक नाही कुजलं कधी." मग, "तिकडची एक वाकडी गेली. स्टूल डुगडुगते तुमचं."

म्हटलं, सांगितलं का नाहीस?

"तुमी पाणी घातलं असतं ना जी!"

अतुलला फोन तिनंच केला. "गट्टू तुझ्याकडेच ठेव बापा. इथं जागा नाही."